तडीपारीची नोटीस, स्थानबद्धतेचा आदेश आणि गुन्हा सिद्ध होण्याआधीची शिक्षा

प्रश्न: माणगंगा

नमस्कार. प्रश्न कायद्याचा आहे, पण केवळ कायद्याचा नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला गेल्या आठवड्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली नोटीस आली. ‘आपणांस या जिल्ह्यातून व लगतच्या तीन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा,’ असा तिचा आशय आहे. नोटिशीत तीन गुन्ह्यांची यादी दिली आहे. त्यांतले दोन चारा छावणीसाठी आणि टँकरसाठी केलेल्या रास्ता रोकोचे आहेत, तिसरा सरकारी कामात अडथळा आणल्याचा आहे. सर्वांत जुना गुन्हा सात वर्षांपूर्वीचा. एका प्रकरणात तो निर्दोष सुटला, उरलेली दोन न्यायालयात पडून आहेत. यादीखाली एक वाक्य आहे की, त्याच्या दहशतीमुळे साक्षीदार उघडपणे साक्ष देण्यास धजावत नाहीत. कोणते साक्षीदार, कोणत्या दिवशी त्यांनी काय सांगितले, याबद्दल एक अक्षर नाही.

भावाची दोन एकर डाळिंबाची बाग आहे आणि बहराच्या दिवसांत तिला एक आठवडासुद्धा सोडून जाता येत नाही. त्याची आई, म्हणजे माझी काकू, डायलिसिसवर आहे आणि आठवड्यातून दोनदा तोच तिला जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन जातो. दोन वर्षे चार जिल्ह्यांबाहेर राहायचे म्हणजे बाग जाणार आणि काकूंचे काय होणार, हे मला लिहवत नाही.

आता जे सांगायचे आहे ते माझ्याबद्दलचे आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका गुंडाला याच कलमाखाली तडीपार केले होते. त्याच्या हद्दपारीची मागणी करणाऱ्या निवेदनावर सव्वाशे सह्या होत्या आणि त्यांत माझी सही होती. शाळेतील मुलींना त्याचा त्रास होत होता, मी त्याच शाळेत शिकवते, आणि आदेश निघाला त्या दिवशी आम्हां सर्वांना सुटल्यासारखे वाटले होते. त्याच्या नोटिशीत काय लिहिले होते, साक्षीदार कोण होते, त्याला बोलू दिले का, हे प्रश्न मला तेव्हा पडले नाहीत. आज भावाची नोटीस वाचताना माझ्या लक्षात आले की ‘साक्षीदार धजावत नाहीत’ हे वाक्य त्या वेळी वर्तमानपत्रात आलेल्या वाक्याशी शब्दशः जुळते.

शेजारचे लोक म्हणतात, काही केलेच नसेल तर घाबरायचे कशाला? माझे विचारणे असे आहे की, न्यायालयात गुन्हा सिद्ध न होता एखाद्या माणसाला त्याच्या घरातून दोन वर्षे बाहेर काढण्याचा अधिकार सरकारकडे असावाच का? आणि तो असणारच असेल, तर त्याला बांध कोणता आहे?

प्रतिसाद: फौजदारी बाजू

मी अशी प्रकरणे चालवतो, म्हणून आधी बांधाबद्दल लिहितो.

वर्तमानपत्रांत ‘तडीपार’ आणि ‘स्थानबद्ध’ हे शब्द एकाच बातमीत येतात, पण ते दोन वेगळे अधिकार आहेत. तडीपारीत माणसाला हद्दीबाहेर घालवतात. स्थानबद्धतेत त्याला कारागृहात ठेवतात. पहिला अधिकार 1951 च्या पोलीस अधिनियमातील कलम 55 ते 57 यांतून येतो आणि तो जिल्ह्यात बहुधा उपविभागीय दंडाधिकारी, तर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्त वापरतात. दुसरा धोकादायक कृत्यांना आळा घालण्यासाठी केलेल्या महाराष्ट्राच्या 1981 च्या कायद्यातून येतो, ज्याला सगळे ‘एमपीडीए’ म्हणतात. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी आदेश काढतात आणि बारा दिवसांत राज्य शासनाने तो मंजूर करावा लागतो. स्थानबद्धतेची कारणे पाच दिवसांत कळवायची, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवायचे, मंडळाने स्थानबद्धतेच्या दिनांकापासून सात आठवड्यांत अहवाल द्यायचा, आणि कमाल मुदत एक वर्ष. मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्येच अटकेतील माणसाला मिळणारे वकिलाचे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहण्याचे संरक्षण प्रतिबंधक स्थानबद्धतेतील माणसापासून काढून घेतलेले आहे. चोरीच्या आरोपीला जे मिळते ते त्याला मिळत नाही, ही गोष्ट मी अशिलाच्या घरच्यांना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

तुमच्या भावाच्या बाबतीत परिस्थिती तेवढी बिकट नाही. कलम 59 प्रमाणे त्याला लेखी नोटीस मिळालीच पाहिजे, खुलासा देण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, तो आपले साक्षीदार तपासण्याची मागणी करू शकतो आणि वकिलामार्फत हजर राहू शकतो. पण त्या नोटिशीत आरोपांचे ‘सर्वसाधारण स्वरूप’ एवढेच सांगणे बंधनकारक आहे. गोपनीय साक्षीदारांची नावे द्यावी लागत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांपूर्वीच हे मान्य केलेले आहे. म्हणून तुम्हांला त्या वाक्यात काहीच सापडले नाही. व्यवहारात अशा प्रस्तावात दोन ‘इन कॅमेरा’, म्हणजे गुप्तपणे नोंदवलेले, जबाब जोडलेले असतात, साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’. त्यांत तारीख मोघम असते, ठिकाण मोघम असते, आणि बहुतेक वेळा घटना अशी असते की सराईताने गळ्याला चाकू लावून खिशातील पैसे काढले आणि लोक दारे बंद करून पळाले. मी इतकी प्रकरणे पाहिली आहेत की पुढचे वाक्य मला न वाचता सांगता येते. यांतील काही जबाब खरे असतात, हे मी मान्य करतो. पण खरा कोणता आणि रचलेला कोणता, हे उलटतपासणीशिवाय कोणी ठरवायचे?

आता खुलाशात काय घ्यावे ते सांगतो. कलम 56 मधील जो खंड साक्षीदारांच्या भीतीबद्दल बोलतो, तो बळाचा किंवा हिंसेचा गुन्हा, अथवा जुन्या दंडसंहितेच्या बाराव्या, सोळाव्या आणि सतराव्या प्रकरणांतील गुन्हे यांच्यापुरता आहे. बेकायदा जमावाचे कलम 143 आठव्या प्रकरणात येते, जमावबंदी मोडल्याचे कलम 188 दहाव्यात. रास्ता रोकोच्या गुन्ह्यांत हीच कलमे असतील, तर त्या गुन्ह्यांचा आधार घेता येणार नाही असे ठामपणे मांडा. सरकारी कामात अडथळ्याचे कलम 353 मात्र सोळाव्यात आहे, त्यामुळे तेथे वस्तुस्थिती मांडावी लागेल. सात वर्षांपूर्वीच्या घटनेचा आजच्या धोक्याशी जिवंत संबंध काय, हे विचारा. निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडा. सगळी कृत्ये एका तालुक्यातील असताना चार जिल्हे कशासाठी, हाही मुद्दा घ्या. लगतचे जिल्हे घालताच येत नाहीत असे नाही, पण त्याला कारण लागते.

आणि जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालना जिल्ह्यातील एका तडीपारीवर दिलेला निकाल जरूर जोडा. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो अनुच्छेद 19 मधील संचारस्वातंत्र्य हिरावून घेतो, माणसाला स्वतःच्या घरात आपल्या माणसांबरोबर राहू देत नाही, म्हणून तो क्वचितच वापरावा, असे त्या निकालात म्हटले आहे. पूर्ण दोन वर्षांचा आदेश द्यायचा असेल तर कमाल मुदतच का लागते याचा विचार केल्याचे आदेशात दिसले पाहिजे, हेही त्यातच आहे. काकूंच्या डायलिसिसची कागदपत्रे येथे कामाला येतील. आदेश विरुद्ध गेलाच, तर कलम 60 खाली तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते, आणि त्यानंतर उच्च न्यायालय आहेच.

अपील आणि याचिका चालेपर्यंत मुदतीतील बरेच महिने उलटून गेलेले असतात. आदेश रद्द झाला तरी माणसाने घराबाहेर काढलेले दिवस त्याला परत मिळत नाहीत, आणि कागदावरचा बांध कितीही उंच असला तरी व्यवहारात तो याच ठिकाणी फुटतो.

प्रतिसाद: पत्र्याची चाळ

मी या चर्चेत विरुद्ध बाजूने लिहीत आहे, आणि कृपया ते समजून घ्यावे.

आमची वस्ती शहराच्या कडेला आहे. येथे एका माणसाने चार वर्षे लोकांचे जगणे नकोसे केले होते. पाण्याच्या नळावर तो पैसे घ्यायचा, भाजीच्या गाडीवाल्यांकडून हप्ता घ्यायचा, संध्याकाळी सातनंतर बायका एकट्या बाहेर पडत नसत. तक्रार करणाऱ्या एका रिक्षावाल्याची रिक्षा जाळली गेली. तो खटला उभा राहिला, आणि रिक्षावाल्यानेच न्यायालयात ‘मी कोणाला पाहिले नाही’ असे सांगितले. त्याला दोन लहान मुली आहेत. मी त्याला दोष देणार नाही.

त्या माणसाला एमपीडीएखाली एक वर्ष कारागृहात ठेवले, आणि त्या वर्षात माझी मुलगी शिकवणीला एकटी जाऊन एकटी परत आली. स्वातंत्र्य हा शब्द येथे ज्या अर्थाने वापरला जात आहे, त्या अर्थाने माझ्या मुलीचे स्वातंत्र्यही मोजावे, एवढेच माझे म्हणणे आहे. सरकारने अधिकार वापरला नाही की गुंडांचा अधिकार चालतो, आणि त्याच्याविरुद्ध अपील कोठेच करता येत नाही. उलटतपासणी हवी असे वकील लिहितात. आमच्या गल्लीतला साक्षीदार उलटतपासणीला उभा राहिल्यानंतर संध्याकाळी घरी कसा जाणार, याचे उत्तर मला मिळावे.

प्रतिसाद: दप्तरखाना

पत्र्याची चाळ यांनी मांडलेले दुःख खरे आहे, आणि या प्रकारच्या प्रत्येक कायद्याचा जन्म अशाच एखाद्या खऱ्या दुःखातून झाला, हे आधी नोंदवतो. मी जुन्या कागदपत्रांचा अभ्यासक आहे. खटला न चालवता माणसाला डांबण्याचा अधिकार आपल्या प्रांतात दोनशे वर्षे कसा टिकला, आणि एकदा दिलेला असा अधिकार दिला त्या जागी थांबत का नाही, हे दाखवण्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो.

कंपनी सरकारने बंगालसाठी 1818 चे तिसरे रेग्युलेशन केले आणि मुंबई इलाख्यासाठी 1827 चे पंचविसावे. हेतू असा सांगितला जाई की, परकीय सत्तांशी संबंध आणि संस्थानिकांचा प्रदेश यांसारख्या राजकारणाच्या बाबींत खटला चालवणे सोयीचे नसते, म्हणून सरकारने वॉरंट काढून माणसाला ‘राजबंदी’ करावे. सत्तर वर्षांनी, 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्यानंतर पुण्याचे सरदार नातू बंधू याच 1827 च्या रेग्युलेशनखाली उचलले गेले. त्याच पावसाळ्यात टिळकांनाही अटक झाली. टिळकांवर निदान राजद्रोहाचा खटला चालला. आरोप कोणता, लेख कोणता, हे जगाला कळले, वकील उभे राहिले, ज्यूरी बसली, आणि 14 सप्टेंबर 1897 ला दीड वर्षाची शिक्षा झाली. तो न्याय होता असे मी म्हणत नाही. पण नातू बंधूंना तेवढेही मिळाले नाही. त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही, त्यामुळे त्यांना निर्दोष ठरण्याची संधीही कधी मिळाली नाही. दशम्या बांधून पुण्यातून अमरावतीच्या काँग्रेसला गेलेल्या माणसांच्या मनात त्या वर्षी हीच जखम होती.

पुढे 1907 मध्ये लाला लजपतराय यांना मंडालेला पाठवले ते 1818 च्या रेग्युलेशनखाली. ज्यांनी हे सोसले त्यांच्याच पिढीने पुढे संविधान लिहिले, आणि तरीही प्रतिबंधक स्थानबद्धता संविधानाच्या मूलभूत हक्कांच्या भागात शिरली, ही गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. सप्टेंबर 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मसुद्यातील 15-अ हा अनुच्छेद मांडला, जो आज अनुच्छेद 22 आहे. आधीच्या अनुच्छेदातून ‘यथोचित प्रक्रिया’ हे शब्द वगळले गेले होते, त्याबद्दल लोकांत आणि स्वतः त्यांच्याही मनात असमाधान होते, आणि त्या हानीची काही भरपाई म्हणून हे संरक्षण देत आहोत, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे अनुच्छेद 22 हा सरकारला अधिकार देण्यासाठी जेवढा आहे, त्याहून अधिक त्या अधिकाराला वेसण घालण्यासाठी आहे. आज तो वाचताना हा हेतू आपण विसरतो.

फेब्रुवारी 1950 मध्ये, प्रजासत्ताक महिन्याभराचे असताना, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला. तो 1 एप्रिल 1951 ला आपोआप संपणार होता. फाळणीनंतरची ती वर्षे कठीण होती, आणि वर्षभरासाठी असा कायदा लागेल असे मानणारे लोक वाईट नव्हते. तो कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत 31 डिसेंबर 1969 पर्यंत जगला. 1971 मध्ये, पूर्व पाकिस्तानातील संकटाच्या दिवसांत, मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा राखण्याचा कायदा, आला. बाहेरच्या धोक्याचे कारण सांगून आणलेल्या त्या मिसाखाली आणीबाणीत 34,988 माणसे डांबली गेल्याची नोंद आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने केली. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयातील पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की, या काळात डांबलेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दादच मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे वेगळे उभे राहिले, आणि पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्यांना दिले गेले. तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगायला ऑगस्ट 2017 उजाडावे लागले.

आणीबाणीनंतर आलेले सरकार तुरुंगात बसून आलेल्या माणसांचे होते. त्यांनी 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत अनुच्छेद 22 ही बदलला: सल्लागार मंडळाशिवाय डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन, आणि मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने, अध्यक्ष विद्यमान न्यायमूर्ती. संसदेने ते मंजूर केले. त्या दुरुस्तीतील बाकीची कलमे लागू झाली. हे एक कलम लागू करण्याची अधिसूचना मात्र आजवर कोणत्याही सरकारने काढलेली नाही. मधल्या काळात दिल्लीत जवळजवळ सगळे पक्ष सत्तेवर येऊन गेले. विरोधात असताना ज्याला या अधिकाराचा जाच होतो, त्याला सत्तेत आल्यावर तो सोडवत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आता महाराष्ट्राच्या 1981 च्या कायद्याकडे पाहा. त्याचे नावच त्याचा इतिहास सांगते. सुरुवातीला नावात तिघे होते: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार. 1996 मध्ये ‘धोकादायक व्यक्ती’ आल्या. 2009 मध्ये दृक्श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती आल्या. 2015 मध्ये वाळू तस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे आले. प्रत्येक वेळी ज्याचे नाव घातले त्याच्याबद्दल कोणाला प्रेम नव्हते, म्हणून विरोध झाला नाही. परंतु चित्रपटाची चोरटी प्रत विकणाऱ्याला खटल्याशिवाय एक वर्ष कारागृहात ठेवता यावे, असा प्रस्ताव 1981 मध्ये कोणी स्वतंत्रपणे मांडला असता, तर विधिमंडळात तो टिकला असता का? दार आधीच उघडे होते, म्हणून तो आत आला.

प्रतिसाद: सेटलमेंट नं. 2

दप्तरखाना यांच्या यादीत एक पान राहिले आहे, ते मी जोडतो.

माझे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढले. आमची जात इंग्रजांच्या 1911 च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’त होती. पणजोबांनी गुन्हा केलेला नव्हता. ते जन्मले होते. तारेच्या कुंपणाच्या आत राहायचे, गिरणीत कामाला जाताना आणि येताना नोंद करायची, रात्री हजेरी द्यायची, आणि परगावी नातेवाईक मेला तरी पास मिळेपर्यंत थांबायचे. ‘काही केले नसेल तर घाबरायचे कशाला’ हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारत नाही.

31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभर रद्द झाला आणि आम्ही ‘विमुक्त’ झालो. त्यानंतर मुंबई राज्यात 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. कागदावर तो जातीला लागू नव्हता, माणसाला लागू होता. पण ठाण्यातील जुन्या वहीत नावे कोणाची होती? कोठे घरफोडी झाली की आजही पहाटे आमच्या पालांवर गाडी येते. माझा एक मामेभाऊ तीन वेळा तडीपार झाला आणि तिन्ही वेळा त्याच्या यादीत तेच जुने गुन्हे होते, ज्यांतून तो सुटलेला होता.

पत्र्याची चाळ यांना मी आदराने सांगतो की, तुमच्या मुलीची भीती मला समजते. माझी बहीणही संध्याकाळी एकटी बाहेर पडत नाही. फरक एवढाच की, आम्हांला दोघांची भीती वाटते, गुंडाचीही आणि त्याला पकडायला येणाऱ्याचीही. ‘धोकादायक व्यक्ती’ म्हणजे कोण हे जेव्हा पुराव्याऐवजी अधिकाऱ्याच्या समाधानावर ठरते, तेव्हा ते समाधान आमच्या लोकांबद्दल फार लवकर होते.

प्रतिसाद: फौजदारी बाजू

पत्र्याची चाळ यांच्या प्रश्नाला बगल देणे योग्य होणार नाही. साक्षीदाराने घरी कसे जायचे?

याचे उत्तर साक्षीदाराला संरक्षण देणे हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून ती सर्व राज्यांना लागू केली. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा 2017 चा आहे. साक्षीदाराची ओळख लपवणे, पडद्याआडून किंवा दृक्श्राव्य यंत्रणेने साक्ष घेणे, घराजवळ बंदोबस्त, गरज पडल्यास दुसरीकडे सोय, हे सगळे त्यांत आहे. तुमच्या रिक्षावाल्याला यांतील काही मिळाले होते का? मला वाटत नाही, कारण हे सगळे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे, आणि आदेश टंकलिखित करणे सोपे. आरोपी जामिनावर सुटून साक्षीदाराला धमकावत असेल तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात म्हटले आहे की, सामान्य फौजदारी कायद्याने भागत असेल तर प्रतिबंधक स्थानबद्धता बेकायदेशीर ठरते. आणि ते एक वर्ष संपल्यावर तो माणूस परत आलाच असेल. त्याच्यावरचा जाळपोळीचा खटला मात्र तुमच्या हातून कायमचा गेला.

सार्वजनिक सुव्यवस्था आणि साधी कायदा-सुव्यवस्था यांतील फरकही लक्षात ठेवावा. राममनोहर लोहियांच्या 1965 च्या प्रकरणात न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी तीन वर्तुळे सांगितली: सर्वांत मोठे कायदा-सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षेचे. प्रत्येक मारामारी मोठ्या वर्तुळात येते, पण स्थानबद्धतेसाठी ती आतल्या वर्तुळापर्यंत पोहोचली पाहिजे. उच्च न्यायालयात रद्द होणारे कितीतरी आदेश या एका मुद्द्यावर पडतात. तुमच्या वस्तीतील प्रकार आतल्या वर्तुळात बसला असेल, हे मी नाकारत नाही. पण रास्ता रोको त्याच तराजूत तोलला जाऊ लागला आहे, म्हणून मी लिहितो.

प्रतिसाद: पत्र्याची चाळ

तो माणूस परत आला आहे, हे खरे आहे. आल्यापासून चार महिने शांत आहे. रिक्षावाल्याला संरक्षणाबद्दल कोणीही काही सांगितले नव्हते, आणि अशी योजना आहे हे मला आजच कळले. तरीही त्या एका वर्षाबद्दल मी तक्रार करणार नाही. संरक्षणाची योजना आमच्या ठाण्यात खरोखर चालू झाली तर मी पहिली साक्ष देईन, पण तोपर्यंत हा कायदा काढून घेऊ नका असेच मी म्हणेन. सेटलमेंट नं. 2 यांनी लिहिलेले मी दोनदा वाचले. आमच्या वस्तीच्या मागच्या मैदानात पाले आहेत, आणि आम्हीही चोरी झाली की प्रथम तिकडेच बोट दाखवतो.

प्रतिसाद: माणगंगा

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही तालुक्याच्या वकिलांकडे गेलो होतो. दोन्ही रास्ता रोकोच्या प्रथमखबरी पाहिल्या. एकात केवळ 143 आणि 188 आहे, दुसऱ्यात वाट अडवल्याचे 341 ही आहे. निर्दोष सुटल्याच्या निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला, ती सोमवारी मिळेल. काकूंच्या डायलिसिसच्या नोंदवहीची प्रत रुग्णालयाने दिली. चार जिल्ह्यांत काकूंचे रुग्णालयही येते, म्हणजे आदेश निघाला तर भावाला आईला घेऊन तेथे पाऊलही टाकता येणार नाही, हा मुद्दा वकिलांनी खुलाशाच्या पहिल्याच परिच्छेदात घेतला आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या निवेदनाची प्रत माझ्याकडे अजून आहे. काल रात्री ती पुन्हा वाचली. त्यात आम्ही लिहिले होते की, सदर इसमास ‘कोणतीही सबब न ऐकता’ हद्दपार करावे. मुलींना त्रास होत होता हे खरे होते, आणि त्या मुलींपैकी दोघींच्या पालकांनी रीतसर तक्रार द्यायची तयारी दाखवली होती, हेही मला आठवते. तक्रार लांबते, आदेश लवकर निघतो, असे आम्हीच त्यांना समजावले. आता त्यांतल्या एका मुलीच्या वडिलांकडे जाऊन मी त्या तक्रारीबद्दल पुन्हा बोलणार आहे, कारण तो माणूस गावात परतला आहे आणि या वेळी त्याच्यावर खटला चालावा असे मला वाटते. भावाची सुनावणी पुढच्या गुरुवारी आहे. खुलासा दाखल झाला की येथे कळवीन.